छाया, अंतरा, तांबी: गुगलच्या पलीकडे खरी माहिती कुठे आणि कशी शोधायची?

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल मराठीत काहीही सर्च करून बघा. पहिल्या पानावर काय येतं? एखाद्या औषधविक्री ॲपचं पान, दोन-चार "घरगुती उपाय", थंबनेलवर रडणारी बाई असलेला एक यूट्यूब व्हिडिओ, आणि शिळा झालेला "तज्ज्ञ काय म्हणतात" असा लेख. त्यातलं सगळं खोटं असतं असं नाही. पण खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे त्या पानावरून कळायला काही मार्ग नसतो.

डॉक्टर आणि सरकार ज्या संशोधनावरून निर्णय घेतात, तेही याच इंटरनेटवर आहे. बरंचसं फुकट आहे आणि बघायला डॉक्टर असावं लागत नाही. फक्त तिथे प्रश्न विचारायची पद्धत वेगळी आहे. ती पद्धत आज बघू. नुसती संकेतस्थळांची यादी देऊन उपयोग होत नाही, म्हणून एक प्रश्न हातात घेऊनच जाऊ.

प्रश्न काय होता?

मी आंबिवलीत राहते. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की शहाडनंतरचं स्टेशन. आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींचं बाळ दहा महिन्यांचं आहे. आशाताईंनी त्यांना छाया गोळी सुचवली. सासूबाई म्हणाल्या, "त्या गोळीने पिशवी सुकते, मग पुढच्या वेळेला दिवस राहत नाहीत." वहिनींना दुसरं मूल हवंय, पण दोन-तीन वर्षांनी. त्या मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही कॉम्प्युटरवरच असता ना, जरा बघून सांगा की हे खरं आहे का."

प्रश्न साधा आहे, पण त्यावर घरातला मोठा निर्णय अवलंबून आहे. गोळी घेतली नाही तर वर्षभरातच पुन्हा दिवस राहू शकतात. घेतली आणि सासूबाईंचं खरं निघालं, तर त्याहून वाईट.

आधी गोळीबद्दल थोडं. छाया हे सरकारी पुरवठ्यातलं नाव. आतलं औषध सेंट्क्रोमन, त्याचंच दुसरं नाव ऑर्मेलॉक्सिफेन. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत ते शोधलं गेलं आणि 1991 मध्ये 'सहेली' नावाने बाजारात आलं. 2016 पासून ते 'छाया' नावाने राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. यात स्टेरॉइड संप्रेरक नसतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, अशी ती घ्यायची असते. माला-एनसारखी रोज नाही.

पबमेड: मोठं कपाट, पण किल्ली इंग्रजी

वैद्यकीय संशोधनाचा सगळ्यात मोठा खुला डेटाबेस म्हणजे पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने तो 1997 मध्ये सगळ्यांसाठी फुकट खुला केला. आज त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, मोबाइलवर नीट चालतो.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. पबमेड म्हणजे लेखांची सूची. बहुतेक नोंदींत लेखाचं नाव, लेखक, नियतकालिक आणि दहा-पंधरा ओळींचा सारांश मिळतो. पूर्ण लेख कधी फुकट असतो, कधी प्रकाशक पैसे मागतो. फुकट असलेल्या पूर्ण लेखांचं वेगळं कोठार आहे, पबमेड सेंट्रल. 2000 सालापासून ते सुरू आहे. पबमेडमध्ये शोध घेतल्यावर फिल्टरमध्ये 'फ्री फुल टेक्स्ट'वर टिक केलं की पूर्ण वाचता येणारेच लेख उरतात. ती टिक आधी करा, नाहीतर तिसऱ्या क्लिकला कुणीतरी डॉलर मागतं आणि माणूस कंटाळून परत यूट्यूबवर जातो.

आता त्यात 'छाया' टाइप केलं तर? छाया नावाच्या लेखकांचे लेख समोर येतील, गोळी सापडणार नाही. ब्रँडचं नाव, बोलीतलं नाव, सरकारी योजनेचं नाव या कपाटाला बहुधा कळत नाही. त्याला औषधाचं मूळ नाव लागतं. स्पेलिंगची काळजी नको, मूळ नाव इंग्रजीत पाकिटावरच छापलेलं असतं. तसंच बघून टाइप करायचं.

छायाची मूळ नावं दोन आहेत. काही लेखक सेंट्क्रोमन लिहितात, काही ऑर्मेलॉक्सिफेन. म्हणून दोन्ही नावं टाकायची आणि मध्ये इंग्रजीतला 'ऑर' शब्द कॅपिटल अक्षरांत लिहायचा. म्हणजे "हे किंवा ते, काहीही चालेल". एवढ्यावर जी यादी येते तिच्यात गर्भनिरोधनापेक्षा वेगळेच विषय खूप दिसतात: पाळीत होणारा अतिरक्तस्राव, अगदी कर्करोगाच्या पेशींवरचे प्रयोगसुद्धा. कारण हेच औषध त्या कामांसाठीही वापरलं किंवा तपासलं जातं. म्हणून पुढे कॅपिटल अक्षरांत 'अँड' लिहून गर्भनिरोधन या अर्थाचा 'कॉन्ट्रासेप्शन' हा शब्द जोडायचा. आता यादी एकदम आटोपशीर होते.

हे 'ऑर' आणि 'अँड'चं तंत्र वरवर किरकोळ वाटतं. मला विचाराल तर पबमेड वापरणं म्हणजे ऐंशी टक्के हेच.

आणखी एक सोय आहे. पबमेडमधल्या बऱ्याच लेखांना ग्रंथालयातली माणसं आणि आता यंत्रणा ठरावीक विषय-शब्द लावतात. या शब्दसूचीला 'मेश' म्हणतात. तुम्ही लिहाल 'कॉपर टी', दुसरा लिहील 'लूप', तिसरा 'आययूडी'. पण लेखाला लावलेलं शीर्षक एकच, म्हणून एका शब्दावर सगळे सापडतात. आपल्याकडे भाजीवाला, किराणावाला आणि आजी एकाच डाळीला तीन नावं देतात. दुकानदाराच्या वहीत मात्र नाव एकच असतं. तसंच हे.

मग वहिनींच्या प्रश्नाचं काय झालं? यादीतले सारांश आणि आरोग्य मंत्रालयाची गर्भनिरोधक गोळ्यांवरची मार्गदर्शिका एकत्र ठेवून वाचलं तर चित्र असं दिसतं. गोळीचा परिणाम कायमचा नाही. थांबवल्यावर दिवस राहू शकतात. दूध पाजणाऱ्या आईला ती चालते. मात्र काही बायकांची पाळी या गोळीने लांबते किंवा स्राव कमी होतो, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत. सासूबाईंच्या "पिशवी सुकते" या बोलण्याचं मूळ बहुधा इथेच आहे. पाळी पुढे गेलेली त्यांनी कुणाची तरी पाहिली असणार, आणि त्यावरून निष्कर्ष काढला. म्हणजे निरीक्षण चुकीचं नव्हतं, निष्कर्ष चुकीचा होता. हे असं सांगितलं की घरातलं भांडणही टळतं.

अजून एक गोष्ट तिथेच मिळाली, जी विचारलीच नव्हती. पीसीओएस असेल किंवा अलीकडे कावीळ झाली असेल, तर ही गोळी देत नाहीत. वहिनींना लग्नाआधी कावीळ झाली होती. किती वर्षांपूर्वी, यकृताची तपासणी झाली होती का, हे डॉक्टरांना सांगून मगच गोळी सुरू करायचं ठरलं. डेटाबेस पाहण्याचा खरा फायदा हा. डॉक्टरांकडे जाताना नेमकं काय विचारायचं आणि काय सांगायचं, हे कळतं.

या औषधाबद्दल एक मर्यादाही आहे. छायावरचं बहुतेक संशोधन भारतातलं आहे, कारण अमेरिका-युरोपात ही गोळी गर्भनिरोधक म्हणून प्रचलित नाही. माला-एनसारख्या गोळ्यांवर जगभर दशकानुदशकं काम झालंय, तेवढा ढीग इथे मिळणार नाही. यादी छोटी दिसली म्हणून घाबरू नका, पण ती छोटी आहे हे लक्षात असू द्या.

एका अभ्यासावर विसंबू नका: कॉक्रेन

पबमेडमध्ये शोधलं की प्रत्येक बाजूचा एखादा अभ्यास सापडतोच. "गोळीने वजन वाढतं" म्हणणारा एक, "वाढत नाही" म्हणणारा दुसरा. मग धरायचं कुणाचं?

यासाठी कॉक्रेन लायब्ररी आहे. तिथे एका प्रश्नावरचे जगभरातले अभ्यास शोधतात, त्यांतले धड कुठले आणि कच्चे कुठले ते तपासतात, आणि सगळ्यांचा मिळून आढावा लिहितात. सारांश आणि सोप्या भाषेतला गोषवारा कुणालाही फुकट वाचता येतो. मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या आणि वजन या प्रश्नावरचा 2014 चा आढावा बघा. त्यात 49 चाचण्या घेतल्या होत्या. गोळीमुळे वजनात मोठा फरक पडतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण त्यांनी हेही सांगितलं की गोळी न घेणाऱ्या किंवा खोटी गोळी घेणाऱ्या बायकांशी तुलना करणाऱ्या चाचण्या जेमतेम चार होत्या. म्हणजे 'मोठा फरक दिसत नाही' इतकंच. 'कुणाचंच वजन वाढत नाही' असं नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजमध्ये तो कधी दिसत नाही.

याच्या जोडीला जागतिक आरोग्य संघटनेची एक मार्गदर्शिका आहे. कुणाला कुठलं साधन चालेल, हे तिच्यात 1 ते 4 अशा आकड्यांत दिलंय. 1 म्हणजे बिनधास्त, 2 म्हणजे फायदा जास्त, 3 म्हणजे धोका जास्त, 4 म्हणजे अजिबात नको. उदाहरणार्थ, माला-एनसारखी मिश्र गोळी. बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील आणि आई दूध पाजत असेल, तर 4. सहा आठवडे ते सहा महिने, 3. सहा महिन्यांनंतर 2. रक्तदाब 160/100 किंवा त्याहून जास्त असेल तर पुन्हा 4. गोळी एकच, बाई एकच, पण महिने बदलले की आकडा बदलतो. म्हणून "माझ्या बहिणीला चाललं" हे उत्तर पुरत नाही.

इथेच 'फेल्युअर रेट' हा शब्दही समजून घ्या, कारण गुगल ट्रान्सलेट त्याचं 'अपयश दर' करून सोडून देतं. त्याचे दोन प्रकार असतात. साधन अगदी बिनचूक वापरलं तर पहिल्या वर्षात 100 पैकी किती बायकांना दिवस राहतात, हा एक. आणि माणसं प्रत्यक्षात जसं वापरतात, कधी विसरतात, कधी उशीर करतात, तसं धरलं तर किती, हा दुसरा. अमेरिकेतले आकडे बघा: रोजची गोळी बिनचूक घेतली तर 100 मध्ये एकही नाही म्हटलं तरी चालेल, प्रत्यक्षात 7. कंडोम 2 आणि प्रत्यक्षात 13. तांबी मात्र दोन्हीकडे एकाच्या आत, कारण एकदा बसवली की विसरण्यासारखं काही उरत नाही. जाहिरातीत नेहमी पहिला आकडा असतो. आपल्याला लागतो तो दुसरा.

'लस आली', 'इंजेक्शन आलं' असे मेसेज

पुरुषांसाठी एका इंजेक्शनमध्ये वर्षानुवर्षं गर्भनिरोधन, अशी बातमी दर काही महिन्यांनी फिरते. यामागे खरं संशोधन आहे. त्याचं नाव रिसुग. आयआयटी खरगपूरच्या डॉ. सुजॉय गुहा यांनी त्याची कल्पना मांडली, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये 'अँड्रॉलॉजी' या नियतकालिकात आले. चाचणीत 303 विवाहित पुरुष होते. निकाल चांगले होते. पण लेख छापून येणं आणि औषधाला मंजुरी मिळून ते दवाखान्यात येणं, यांत मोठं अंतर असतं.

अशा वेळी दोन ठिकाणी बघायचं. पबमेडमध्ये लेख आहे का आणि किती माणसांवर अभ्यास झाला. आणि भारतातल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री. ती 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 पासून औषधांच्या चाचण्या सुरू करण्याआधी तिथे नोंदणी सक्तीची आहे. कोणती चाचणी, कुठल्या शहरात, किती जणांवर, चालू आहे की संपली, हे सगळं तिथे दिसतं.

चॅटबॉटला विचारत असाल तर एक साधी सवय लावा. तो जो अभ्यास सांगेल त्याचा पबमेड क्रमांक मागा आणि तो आकडा पबमेडच्या सर्च बॉक्समध्ये टाका. दुसराच लेख उघडला, किंवा काहीच नाही, तर तो अभ्यास बहुधा चॅटबॉटने स्वतःच रचलेला आहे. आणि लेख उघडल्यावर वर 'रिट्रॅक्टेड' अशी ठळक सूचना असेल तर तो लेख मागे घेतलाय, त्याला सोडून द्या.

एक डेटाबेस जो आता नाही

कुटुंब नियोजनासाठीच बनवलेला एक वेगळा डेटाबेस होता, पॉपलाइन. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून तो चालायचा आणि पैसे अमेरिकन सरकारच्या यूएसएड या संस्थेकडून यायचे. त्यात साडेतीन लाखांहून जास्त नोंदी होत्या, आणि त्या फक्त मोठ्या नियतकालिकांतल्या नव्हत्या. सरकारी अहवाल, परिषदांमध्ये वाचलेले निबंध, संस्थांनी स्वतः छापलेल्या पुस्तिका असं जे पबमेडमध्ये कधीच येत नाही, ते तिथे होतं. इंटरनेट महाग आणि मंद होतं तेव्हा विकसनशील देशांतल्या संस्थांना ते सीडीवर पाठवत.

2008 च्या सुरुवातीला तिथे एक विचित्र गोष्ट घडली. 'अबॉर्शन' हा शब्द टाकला की शून्य निकाल. लेख होते, हजारोंनी होते, पण सर्च इंजिनला तो शब्द 'द', 'ऑफ' अशा निरर्थक शब्दांसारखा गाळायला सांगितलं होतं. पैसे देणाऱ्या यूएसएडने डेटाबेसमधल्या गर्भपातविषयक काही मजकुरावर आक्षेप घेतला होता, आणि चालवणाऱ्यांनी तो शब्दच बंद केला. कॅलिफोर्नियातल्या एका वैद्यकीय ग्रंथालयाच्या ग्रंथपालांच्या हे लक्षात आलं, त्यांनी विचारणा केली, एप्रिलमध्ये बोभाटा झाला आणि विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या डीननी तो शब्द लगेच परत सुरू करायला लावला.

विचार करा, त्या काही आठवड्यांत कुणी परिचारिका किंवा विद्यार्थिनी तिथे शोधत असेल तर तिला काय वाटलं असेल? "या विषयावर संशोधनच नाही." हजारो लेख तिथेच होते, फक्त दार लावलं होतं. म्हणून माझा एक नियम आहे: ज्या विषयावर भरपूर काम झालंय हे माहीत आहे, तिथे शून्य निकाल आले तर आधी सर्च बॉक्सवर शंका घ्यायची. शब्द बदलून बघायचा, दुसऱ्या ठिकाणी बघायचं.

पॉपलाइन 1 सप्टेंबर 2019 ला कायमचं बंद झालं. आजही जुन्या अहवालांच्या तळटीपांत त्याच्या लिंक दिसतात. त्या उघडत नाहीत. लेखाचं नाव माहीत असेल तर पबमेडमध्ये किंवा गुगल स्कॉलरवर ते नाव अवतरणचिन्हांत टाकून बघा. पुस्तिका आणि अहवालांसाठी 'वेबॅक मशीन' या संग्रहावर जुनी लिंक टाकून बघा, नशीब असेल तर मिळतं.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय, असं वाटेल. पण 2025 मध्ये याची झळ थेट आपल्या आकडेवारीपर्यंत आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, ज्याला सगळे एनएफएचएस म्हणतात, ते करतं आपलं केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आणि काम बघते मुंबईत गोवंडीजवळची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, आयआयपीएस. पण सर्वेक्षणाचा कच्चा डेटा, म्हणजे नावं काढून टाकलेली प्रत्येक घराची उत्तरं, संशोधकांना मिळायचा तो डीएचएस या अमेरिकन निधीवरच्या संकेतस्थळावरून. फेब्रुवारी 2025 मध्ये यूएसएडचे पैसे थांबले आणि तिथलं काम ठप्प झालं. नंतर दुसऱ्या देणगीदारांच्या तात्पुरत्या मदतीने काही भाग पुन्हा उभा करायचा प्रयत्न झाला. गोवंडीत बसून गोळा केलेल्या माहितीची किल्ली वॉशिंग्टनजवळच्या सर्व्हरवर, ही गोष्ट मला तरी खटकते.

तुम्हा-आम्हाला कच्चा डेटा लागत नाही. राज्यांची आणि जिल्ह्यांची दोन-चार पानी तथ्यपत्रकं पुरतात, आणि ती पीडीएफमध्ये फुकट मिळतात. उतरवून मोबाइलमध्ये ठेवा. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, फाइल आपल्याकडे राहते.

ठाण्याचा आकडा कसा वाचायचा

महाराष्ट्राचं तथ्यपत्रक उघडा, 2019-21 च्या पाचव्या सर्वेक्षणाचं. एका बाईमागे सरासरी मुलं 1.7. देशाचा आकडा 2.0. मग 'कुटुंब नियोजनाच्या सध्याच्या पद्धती' हा भाग बघा. स्त्री नसबंदी 49.1 टक्के. पुरुष नसबंदी 0.4 टक्के.

या दोन आकड्यांवर जरा थांबा. टक्के कुणाचे? 15 ते 49 वयाच्या, सध्या विवाहित असलेल्या बायकांचे. म्हणजे अशा शंभर बायकांपैकी 49 जणींनी स्वतः ऑपरेशन करून घेतलंय, आणि ज्यांच्या नवऱ्याने केलंय अशा शंभरात अर्धीसुद्धा नाही. पुरुषांचं बिनटाक्याचं ऑपरेशन सोपं आहे, त्यात पोट उघडावं लागत नाही, हे प्रत्येक मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. तरी आकडा हा. ज्या गावात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या खासगी प्रश्नांना मराठीत सडेतोड उत्तरं दिली, ती मुंबई याच राज्यात आहे. शंभर वर्षांपूर्वी हा विषय मराठीत बोलता येत होता, आणि आज पबमेडला मराठी कळत नाही म्हणून आपण अडतो, हा विचार माझ्या मनात येतोच.

टक्केवारीचा आधार काय, हा प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारा. सगळ्या बायका, विवाहित बायका, की गेल्या पाच वर्षांत बाळंत झालेल्या बायका? एकाच पानावर तिन्ही असू शकतात.

आता जिल्ह्यावर या. ठाण्याचं पाचव्या सर्वेक्षणाचं पत्रक आणि चौथ्याचं, म्हणजे 2015-16 चं, शेजारी ठेवून "सुधारणा झाली की बिघाड" असं सांगणारे लेख मी पाहिलेत. ती तुलना तशी करता येत नाही. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला. पण चौथं सर्वेक्षण 2011 च्या जनगणनेतल्या 640 जिल्ह्यांवर आखलेलं होतं, त्यामुळे त्यातलं 'ठाणे' म्हणजे जव्हार, मोखाडा, डहाणूसकटचं जुनं ठाणे. पाचव्यात 707 जिल्हे आहेत आणि पालघर वेगळा मोजलाय. आदिवासी तालुके बाहेर गेले की ठाण्याचे आकडे आपोआप बदलणार. त्यात कुणाच्या कामगिरीचा वाटा किती, हे त्या दोन कागदांवरून सांगता येत नाही. पत्रकावर ही गोष्ट ठळक लिहिलेली नसते, म्हणून मुद्दाम सांगितली.

आंबिवलीचा आकडा मात्र या सर्वेक्षणात कुठेच मिळणार नाही. कल्याण-डोंबिवलीचाही नाही. नमुना जिल्ह्याच्या पातळीवरच पुरेसा असतो, एका उपनगरात इतकी थोडी घरं येतात की टक्केवारी काढणं बरोबर नाही. त्याहून खालच्या पातळीवर आहे ती एचएमआयएस, आरोग्य मंत्रालयाची 2008 पासूनची व्यवस्था. तिच्यात आरोग्य केंद्रं आणि दवाखाने दर महिन्याला किती तांब्या बसवल्या, किती अंतरा इंजेक्शनं दिली, किती नसबंद्या झाल्या हे भरतात, आणि एकत्रित अहवाल बघायला मिळतात. फरक लक्षात ठेवा: एनएफएचएस घरोघरी विचारतं, एचएमआयएस दवाखान्याची वही मोजतं. मेडिकलमधून स्वतः गोळी घेणारी बाई पहिल्यात असते, दुसऱ्यात नसते.

जे इथे सापडणार नाही ते

पबमेडमध्ये मुख्यतः नियतकालिकांतले लेख असतात. आमच्यापासून दोन स्टेशनांवरच्या कल्याणमध्ये 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात 1886 मध्ये प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. तो तुम्हाला पबमेडमध्ये दिसणार नाही. तशा कागदांसाठी ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय अभिलेखागाराचं संकेतस्थळ आहे, तिथे आनंदीबाईंशी संबंधित कागदपत्रं जपलेली आहेत.

पीसीओएसवर वाचायचं असेल तर एक आपल्याच शहरातला डेटाबेस आहे, पीसीओएसकेबी. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने तो बनवलाय. या विकाराशी जोडलेली जनुकं आणि त्यांचे संबंध शास्त्रज्ञांनी लेख वाचून त्यात नोंदवलेत. तो संशोधकांसाठी आहे, "मला पीसीओएस आहे, काय खाऊ" याचं उत्तर तिथे नाही. पण लेकीला बारावीनंतर बायोइन्फर्मेटिक्स शिकायचं असेल तर तिला हा जरूर दाखवा.

आणि मोबाइलबद्दल. बऱ्याच घरांत एकच फोन तिघं-चौघं वापरतात. यातलं काही शोधताना क्रोमच्या इनकॉग्निटो टॅबमध्ये शोधा, म्हणजे फोनच्या हिस्ट्रीत राहणार नाही. मात्र उतरवलेली पीडीएफ डाउनलोडमध्ये राहतेच, ती वेगळी काढावी लागते, आणि मोबाइल कंपनीला कुठल्या संकेतस्थळावर गेलात हे दिसू शकतं. पबमेड, कॉक्रेनचे सारांश, सीटीआरआय आणि एनएफएचएसची पत्रकं, यांपैकी कशालाही नाव किंवा नंबर द्यावा लागत नाही. कुठलं पान वाचण्याआधी नंबर मागत असेल तर ते या यादीतलं नाही, बंद करा.